वाचकांचे प्रश्न: बदल केला, पण कळवला का?

सॉफ्टवेअर चालतं ठेवणाऱ्या ऑपरेशन्स, सपोर्ट आणि डेटाबेस टीममधल्या वाचकांनी पाठवलेले बरेचसे प्रश्न एकाच अडचणीचे आहेत: बदल व्यवस्थित होतो, पण तो ज्याला कळायला हवा त्यालाच कळत नाही. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: प्रत्येक बदलाच्या आदल्या दिवशी आम्ही शंभरेक जणांच्या यादीला मेल पाठवतो. तरी काही बिघडलं की सपोर्टवाले म्हणतात, 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही.' लोक मेल वाचतच नाहीत, त्याला काय करायचं? (रिलीज समन्वयक)

ती मेल एकदा सपोर्टच्या खुर्चीत बसून वाचा. विषयाच्या ओळीत बहुधा 'नियोजित बदलाबाबत सूचना' असं असेल, आणि कालच्या व परवाच्या मेललाही तेच असेल. आत टिकिटाचा (कामाच्या नोंदीचा) क्रमांक, आवृत्तीचा क्रमांक, मंजुरी देणाऱ्यांची नावं आणि शेवटी 'काही काळ सेवा खंडित होण्याची शक्यता आहे' हे वाक्य. वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: मला काही करायचंय का, आणि माझ्याकडे तक्रारी आल्या तर त्या कशा असतील? पहिल्या दोन ओळींत याचं उत्तर मिळत नसेल, तर दहा मेल वाचून झाल्यावर अकरावी कुणी उघडत नाही. यात त्यांचा दोष नाही.

आधी ती यादी फोडा. काही जणांना बदलासाठी स्वतः काहीतरी करायचं असतं, उदाहरणार्थ फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत) वाट उघडणं किंवा रात्री आपोआप चालणारा जॉब थांबवणं. काहींकडे तक्रारी किंवा अलर्ट येणार असतात. उरलेल्यांना नुसतं माहीत असलं तरी पुरतं. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला नावानिशी कळवा आणि उत्तर मिळेपर्यंत काम पक्कं धरू नका. दुसऱ्या गटाला ते दिवसभर ज्या चॅनेलवर असतात तिथे, बदलाच्याच दिवशी कळवा. तिसऱ्यांना आठवड्यातून एक मेल किंवा सगळ्यांना दिसणारं बदलांचं कॅलेंडर पुरे.

सपोर्टसाठीचा संदेश कसा असावा, याचा हा एक नमुना (यूटीसी म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ, ऑन-कॉल म्हणजे त्या वेळी फोनवर हजर राहायची पाळी असलेला इंजिनियर):

'बुधवार, १२ मार्च, २२:०० ते २२:२० यूटीसी: पैसे भरल्यावर पावती उशिरा दिसेल.
या वेळात पावत्यांचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेत आहोत. ग्राहकाचे पैसे नेहमीसारखे कापले जातील, पावती मात्र २२:३० पर्यंत दिसणार नाही. कुणी विचारलं तर पुन्हा पैसे भरायला सांगू नका. २२:३० नंतर पाहायला सांगा. त्यानंतरही पावती दिसली नाही तर डेटाबेसच्या ऑन-कॉलला फोन करा. २२:२० पर्यंत काम झालं नाही तर जुन्या सर्व्हरवर परत जाऊ. तो निर्णय डेटाबेसचा ऑन-कॉल घेईल. काम संपलं किंवा मागे घेतलं की याच थ्रेडवर कळवू.'

यात आवृत्तीचा क्रमांक नाही. तो टिकिटात आहेच. सगळ्यात मोलाची ओळ 'पुन्हा पैसे भरायला सांगू नका' ही. ती नसेल तर सपोर्टचा माणूस ग्राहकाला मदत म्हणून नेमकं तेच सांगेल, आणि दुसऱ्या दिवशी दोनदा पैसे कापल्याच्या तक्रारी येतील. अशी ओळ सुचायची तर बदल करणाऱ्याने सपोर्टमधल्या एकाशी पाच मिनिटं बोलायला हवं. 'हे असं दिसलं तर तुम्ही काय सांगाल?' एवढंच विचारा. मजकूर निम्मा तिथेच तयार होतो.

पहिल्या गटाकडून होकार घेताना चॅटमधल्या अंगठ्याच्या खुणेवर थांबू नका. 'तुमच्याकडून काय आणि किती वाजता होणार, ते एका ओळीत लिहा' असं सांगा. समज चुकीची असेल तर ती त्या ओळीत लगेच दिसते.

प्रश्न: बदल किती दिवस आधी कळवावा? आमच्याकडे ४८ तासांचा नियम आहे. कधी तो फार वाटतो, कधी अपुरा पडतो. (सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर)

ज्याला सगळ्यात जास्त तयारी करायची आहे, त्याच्यापासून उलटं मोजा. समजा, सेवेचा डीएनएस पत्ता (नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंद) बदलायचा आहे आणि त्या नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास आहे. तो ३०० सेकंदांवर आणण्याचं काम नेटवर्कच्या माणसाने बदलाच्या किमान २४ तास आधी करायला हवं, कारण जुनी नोंद ज्यांच्या कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसली आहे तिथे ती जुन्या मुदतीनेच संपते. ज्या रात्री बदल आहे त्याच संध्याकाळी मेल मिळाली आणि त्याने लगेच टीटीएल उतरवला, तरी बदल झाल्यावर काही लोक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जुन्याच सर्व्हरवर जात राहतील. तेव्हा कामाला २४ तास, त्याला ते कामाच्या वेळेत जमावं म्हणून आणखी एक दिवस, मध्ये सुट्टी असेल तर ती वेगळी. दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये तुमचा नवा आयपी घालायचा असेल तर त्यांची स्वतःची मंजुरीची साखळी असते. तिथे ४८ तासांत काहीच हलत नाही. दोन-तीन आठवडे धरा.

उलट, ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांना तीन आठवडे आधी सांगून उपयोग नाही. ते विसरतात. त्यांना आदल्या दिवशी कळलं तरी चालतं.

वेळ लिहिताना नीट लिहा. 'शुक्रवारी रात्री १२ वाजता' म्हणजे गुरुवार संपतानाचे बारा की शुक्रवार संपतानाचे, यावर दोन माणसांची दोन मतं होतात. तारीख घालून ००:०५ किंवा २३:५५ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. टीम वेगवेगळ्या देशांत असेल तर यूटीसी द्या आणि सोबत कॅलेंडरचं आमंत्रण पाठवा, म्हणजे प्रत्येकाला आपल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं एक तास पुढे-मागे होतात, आणि तीही सगळीकडे एकाच दिवशी नाही. त्या आठवड्यांत 'नेहमीच्या वेळी' हे शब्द संदेशात येऊ देऊ नका.

आणि 'काम संपलं' हा संदेश! सुरू करताना सगळे कळवतात, संपल्यावर निम्मे लोक झोपायला जातात. मग दोन तासांनी खराच बिघाड झाला तरी सपोर्ट 'बदल चालू आहे' म्हणून गप्प बसतो.

प्रश्न: आमच्याकडे दिवसाला तीस-चाळीस डिप्लॉयमेंट (नवं कोड सर्व्हरवर टाकणं) होतात. शिवाय कॉन्फिग (सेटिंग) आणि फीचर फ्लॅग (एखादं काम चालू-बंद करणारी खूण) वेगळेच. हे सगळं कळवायचं म्हटलं तर दुसरं काम उरणार नाही. (एसआरई, म्हणजे सेवा विश्वासार्ह ठेवणाऱ्या टीमचा लीड)

माणसांना सगळं कळवू नका. नोंद मात्र सगळ्याची ठेवा, आणि ती माणसाने हाताने करायची नाही. डिप्लॉयमेंटच्या पाइपलाइनने, कॉन्फिगच्या रिपॉझिटरीने आणि फ्लॅगच्या प्रणालीने प्रत्येक बदलाची एक ओळ एकाच ठिकाणी लिहावी: वेळ, सेवा, काय बदललं, कुणी बदललं, कुठल्या आणि किती सर्व्हरवर, परत कसं जायचं. मॉनिटरिंगच्या आलेखांवर त्याच क्षणी उभी रेघ उमटावी. पहाटे तीनला अलर्ट आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, 'गेल्या तासाभरात काय बदललं?' त्याला याचं उत्तर कुणालाही न उठवता अर्ध्या मिनिटात मिळायला हवं.

या यादीतून फ्लॅग आणि कॉन्फिग सुटतात, आणि तिथेच घात होतो. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ चं प्रकरण प्रत्येक ऑपरेशन्स टीमने तपशिलात समजून घ्यावं. नव्या कोडसाठी त्यांनी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला. तोच फ्लॅग पूर्वी 'पॉवर पेग' नावाचं, २००३ पासून वापरात नसलेलं काम चालू करायचा, आणि ते जुनं कोड सर्व्हरवर अजून होतं. नवं कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेलं, आठव्यावर टाकायचं राहिलं. दुसऱ्या कुणी ते तपासलं नाही, आणि तसं तपासायला सांगणारी लेखी पद्धतही नव्हती. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवरचं जुनं कोड ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटलं. सुमारे ४५ मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला.

कळवण्याच्या दृष्टीने यातली दोन टोकं महत्त्वाची आहेत. बाजार साडेनऊला उघडायचा होता. सकाळी आठपासूनच एक अंतर्गत प्रणाली मेल पाठवत होती, त्यात 'पॉवर पेग' बंद असल्याची त्रुटी स्पष्ट लिहिलेली होती. बाजार उघडण्याआधी अशा ९७ मेल गेल्या. पण त्या अलर्ट म्हणून आखलेल्याच नव्हत्या. कुणाच्या नावावर नव्हत्या, आल्या तर काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि आल्या तेव्हा सहसा कुणी त्या पाहत नसे. दुसरं टोक म्हणजे गोंधळ सुरू झाल्यावर त्यांनी सात सर्व्हरवरून नवं, बरोबर असलेलं कोड काढून टाकलं. फ्लॅग चालूच होता, त्यामुळे आता आठही सर्व्हरवर जुनं काम सुरू झालं. 'आठपैकी किती झाले' आणि 'हा फ्लॅग आधी कशासाठी होता' या दोन ओळी तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर असत्या, तर कोड मागे घेण्याआधी फ्लॅग बंद करायला हवा हे दिसलं असतं.

तेव्हा माणसाला निरोप द्यायचा तो मोजक्या वेळी: वापरणाऱ्याला फरक दिसणार असेल, मागे जाणं अवघड किंवा अशक्य असेल (डेटाबेसमधला कॉलम काढून टाकणं, उदाहरणार्थ), किंवा बदलाने दुसऱ्या टीमच्या अलर्टचा अर्थ पालटणार असेल. बाकीचं यादीत.

प्रश्न: बॅकअपचा जॉब फसला तर आपोआप मेल येते. एवढं पुरेसं नाही का? (डेटाबेस विभाग)

नाही. मेल आली नाही याचे दोन अर्थ होतात: जॉब नीट झाला, किंवा मेलच पोचली नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. बॅकअपचं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. फसल्याच्या मेल सुटत होत्या, पण त्यांवर डीएमएआरसीसाठी (मेल खरी कुणाची हे तपासण्याच्या पद्धतीसाठी) लागणारी सही नसल्याने पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. म्हणून जॉबने यश कळवावं आणि ठरलेल्या वेळेत यशाची खूण आली नाही की दुसऱ्या प्रणालीने अलर्ट द्यावा. बॅकअपच्या फाइलचा आकारही त्या खुणेसोबत पाठवा. काही बाइटची फाइलसुद्धा 'यशस्वी' म्हणून येऊ शकते.

प्रश्न: रात्रीच्या शिफ्टने अर्धा केलेला बदल सकाळच्या शिफ्टला समजत नाही. हँडओव्हरची नोंद असते, तरीही. (शिफ्ट इंजिनियर)

नोंदीत 'बदल चालू आहे' किंवा 'जवळपास झालं' असे शब्द असतील तर ती नोंद नाही. अर्धवट बदलाची स्थिती मोजून लिहायची. (पुढच्या नमुन्यात लोड बॅलन्सर म्हणजे सर्व्हरांवर काम वाटून देणारी प्रणाली, रनबुक म्हणजे कामाच्या पायऱ्यांची वही, की म्हणजे प्रवेशाची गुप्त किल्ली.) '१२ पैकी ७ सर्व्हरवर नवी आवृत्ती आहे: १ ते ७. ८ ते १२ जुनीवर. ८ वर टाकताना डिस्क भरली म्हणून थांबलो, तिथे अर्धी फाइल पडली आहे, ती आधी काढावी लागेल. लोड बॅलन्सरमधून ८ बाहेर काढला आहे. पुढची पायरी: रनबुकमधली ६ क्रमांकाची. दोन्ही आवृत्त्या एकत्र दुपारी दोनपर्यंत चालतील, नंतर जुन्या की ची मुदत संपते.' हे वाचून नवा माणूस काम हातात घेऊ शकतो.

सर्वांत जास्त निसटतात ती तात्पुरती केलेली कामं: दाबून ठेवलेले अलर्ट, बंद केलेले क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), लोड बॅलन्सरमधून काढलेले सर्व्हर, वाढवलेली मर्यादा, उघडलेला पोर्ट. प्रत्येकासमोर 'परत कधी आणि कुणी' लिहा. अलर्ट दाबताना मुदत घालाच, आणि ती कामाच्या अंदाजापेक्षा थोडीच जास्त ठेवा. आठ तासांसाठी दाबलेला अलर्ट पुढच्या शिफ्टला आंधळं करतो.

दोन शिफ्टमध्ये पंधरा मिनिटं तरी दोघंही हजर हवेत. नोंद जाणाऱ्याने वाचून दाखवायची नाही. येणाऱ्याने ती वाचावी आणि आपल्या शब्दांत सांगावी: काय झालंय, मी आधी काय करणार, कशावर लक्ष ठेवणार, कुठल्या क्षणी मागे फिरणार. विमान उड्डाणात वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवतो ते याचसाठी. शेवटी जबाबदारी बदलल्याचं तोंडाने म्हणा आणि चॅनेलवर एक ओळ टाका: 'आता बदल माझ्याकडे.' नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसरा पाहतोय.

प्रश्न: बदल फसला की सगळे एकदम विचारायला लागतात. दुरुस्ती करायची की उत्तरं द्यायची? (ऑन-कॉल इंजिनियर)

दोन्ही एका माणसाने करायचं नाही. बदल सुरू होण्याआधीच नाव ठरवा: बिघडलं तर निरोप कोण देणार. हा माणूस तांत्रिक कामात हात घालत नाही. तो बोलणं ऐकतो आणि लिहितो. पहिला निरोप कारण कळायची वाट न पाहता पहिल्या दहा मिनिटांत जावा: काय बंद आहे, काय चालू आहे, पुढचा निरोप किती वाजता. नंतर दर तीस मिनिटांनी, नवं काही नसेल तरी. 'अजून कारण सापडलेलं नाही, १४:३० ला पुन्हा कळवतो' हाही पूर्ण निरोप आहे. ठरल्या वेळी तो आला की विचारणारे थांबतात.

काम पूर्ववत होण्याची वेळ अंदाजाने देऊ नका. सपोर्ट ती ग्राहकांना वचन म्हणून सांगतो.

निरोप कुठून द्यायचा, हेही आधी ठरवा, आणि ते ठिकाण बिघडलेल्या प्रणालीवर उभं नको. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा एका चुकीच्या कमांडमुळे कोलमडली. सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पान एस-थ्रीवरच अवलंबून होतं, त्यामुळे तिथे स्थिती बदलता येईना आणि सुरुवातीला ट्विटरवरून कळवावं लागलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जाळं सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा नेटवर्कमधल्या चुकीच्या कमांडने कर्मचाऱ्यांची आतली साधनंही बंद पाडली. तुमचं चॅट, लॉगिन आणि रनबुकचं पान एकाच डेटा सेंटरमध्ये असेल, तर फोन नंबरांची आणि मागे जाण्याच्या पायऱ्यांची प्रत बाहेर ठेवा. कागदावर छापलेली असली तरी चालेल, पण दर तिमाहीला ताजी करा.

प्रश्न: अगदी तातडीचा बदल असेल तर मंजुरी आणि निरोप बाजूला ठेवले तर चालतात का? (सुरक्षा टीम)

मंजुरीची साखळी आखूड करा, निरोप नाही. काम सुरू करण्याआधी चॅनेलवर एक ओळ टाकायला वीस सेकंद लागतात: 'लॉगिन सेवेवर आत्ता पॅच टाकत आहे, दोन मिनिटं लॉगिन अडेल.' एवढ्याने दुसरा इंजिनियर त्याच सर्व्हरवर त्याच वेळी हात घालायचा थांबतो. सविस्तर टिकिट पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत लिहिलं तरी चालतं.

प्रश्न: जुनी एपीआय (दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमना आमची सेवा वापरू देणारी जोडणी) बंद करायची आहे. वर्षभर मेल पाठवतोय, तरी वापर थांबत नाही. (प्लॅटफॉर्म टीम)

मेल ज्यांना जातात ते आणि जे वापरतात ते वेगळे असतात. तीन वर्षांपूर्वी खातं उघडलेला माणूस आता दुसऱ्या कामावर असतो. एपीआयला हाक मारणारी स्क्रिप्ट मात्र रोज रात्री चालते. म्हणून यादी सोडा आणि लॉग उघडा. गेल्या ४५ दिवसांत कुठल्या की ने (प्रत्येक वापरणाऱ्याला दिलेल्या किल्लीने) किती वेळा हाक मारली ते काढा. तीस दिवस घेतले तर महिन्यातून एकदा चालणारे जॉब निसटू शकतात. बहुतेक वापर थोड्याच की वर एकवटलेला सापडेल. त्या मालकांना एकेकटं, त्यांच्याच आकड्यांसह लिहा: 'तुमच्या अमुक की ने काल रात्री ०२:१० ला ३४० हाका मारल्या.' अशा पत्राला उत्तर येतं.

एपीआयच्या उत्तरांसोबत सनसेट हेडर (उत्तराला जोडलेली माहितीची ओळ) पाठवायला लागा. सेवा कधी बंद होणार ती तारीख त्यात असते, आणि २०१९ च्या आरएफसी ८५९४ या इंटरनेट-दस्तऐवजात त्याचं रूप ठरवलेलं आहे. नीट बांधलेले क्लायंट ते ओळखतात. बरेचसे ओळखत नाहीत, म्हणून पुढची पायरी ठरवून, तारीख जाहीर करून थोडा वेळ बंद ठेवण्याची. शेवटच्या तारखेच्या सहा आठवडे आधी दहा मिनिटं, दोन आठवड्यांनी एक तास, आणखी दोन आठवड्यांनी अर्धा दिवस. वेळ मात्र बदलत ठेवा. एकदा दुपारी, एकदा रात्री, म्हणजे रात्रीचे जॉबही उघडे पडतात. महिनाअखेर टाळा, आणि त्या वेळात सपोर्टमध्ये जास्तीचा माणूस बसवा.

या काळात ४१० ('कायमचं गेलं') हा कोड परत करा आणि त्यासोबतच्या मजकुरात नव्या एपीआयचा पत्ता, बदलाच्या मार्गदर्शिकेचा दुवा आणि कायमची बंद होण्याची तारीख लिहा. नुसता ५०३ ('सेवा तूर्त उपलब्ध नाही') दिला तर पलीकडची स्क्रिप्ट 'सर्व्हर व्यस्त आहे' असं समजून पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, वेळ संपली की तिला पुन्हा उत्तर मिळतं, आणि तिच्या मालकाला काहीच कळत नाही.